तीन महिन्यांसाठी खोली मिळेल का?

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवणारा माणूस काय मागणार, हे तीस वर्षे गल्ल्यावर बसल्यानंतर त्याच्या चालण्यावरून कळते, असा आमचा समज होता. २०२३ च्या मे महिन्यात तो खोटा ठरला. लग्नसराईची भर दुपार. पाठीवर फुगलेली पिशवी आणि हातात गुंडाळलेली सतरंजी घेऊन एक तरुण आत आला. आम्ही सवयीने पोराला शर्टिंगचे तागे काढावयास सांगितले. तरुण म्हणाला, "चाचा, कपडा नको. खोली हवी होती. तीन महिन्यांसाठी."

विचारपूस केली. मुलगा मराठवाड्यातला, बी.यू.एम.एस. म्हणजे युनानी वैद्यकाचा. साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप करीत होता आणि त्यातले तीन महिने आमच्या श्रीगोंदा तालुक्यातील एका सरकारी दवाखान्यात काढावयाचे होते. उर्दू शाळेत शिकलेला, बोलणे अदबीचे. आमचेही शिक्षण उर्दू माध्यमातलेच, त्यामुळे दोन मिनिटांत आपलेपणा वाटला. पण खोलीचे काय? दुकानावर माडी आहे. तिला स्वतंत्र जिना आहे, नळ आहे, संडास आहे. आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, माडीवर माल भरला आहे. सीझन होऊ दे, मग बघू." तो शुक्रिया म्हणून निघून गेला. चेहरा पडलेला दिसला नाही. हे उत्तर त्याला तोवर पाठ झाले असावे.

जुलैमध्ये तो पुन्हा आला. या वेळी एप्रनसाठी पांढरे टेरिकॉट घ्यावयास. सहज विचारले, राहतोस कुठे? तेव्हा सगळी हकीकत कळली. पहिल्या घरमालकाने सांगितले, फॅमिली असेल तरच. दुसऱ्याने अकरा महिन्यांचा करार आणि पाच महिन्यांचे डिपॉझिट मागितले. तीन महिने राहणारा मुलगा पाच महिन्यांचे डिपॉझिट कोठून देणार? तिसऱ्याने खोली दाखविली, भाडे सांगितले, मग नाव विचारले आणि म्हणाला, "अरे हो, कालच एकाला शब्द दिलाय." चौथा आमच्याच जमातीतला. त्याने मुलाची गरज ओळखून पत्र्याच्या, पाणी नसलेल्या खोलीचे साडेचार हजार सांगितले. पाचवे आम्ही.

शेवटी मुलगा नगरला एका दूरच्या नातेवाइकाकडे राहिला आणि रोज एस.टी.ने ये-जा करू लागला. जाताना पन्नास-साठ किलोमीटर आणि येताना तेवढेच. सकाळी ओ.पी.डी. सुरू होते तेव्हा हा कुठेतरी वाटेत. हजेरीवर उशिराच्या खुणा वाढत गेल्या, पावसाळ्यात ताप आला, काही दिवस बुडाले. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस बुडाले की तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात, हा इंटर्नशिपचा नियम आहे. त्याचे अठरा दिवस वाढले. त्याच्या गावाकडच्या एका खाजगी दवाखान्यात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तारीख हुकली आणि ती दुसऱ्याला गेली. हे सर्व त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. कापड मोजून होईपर्यंत उभ्या उभ्या सांगितले. आम्ही त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. पण दोन मीटर टेरिकॉट फुकट दिल्याने अठरा दिवस परत येत नाहीत, हे त्यालाही कळत होते आणि आम्हालाही.

त्या रात्री दुकान वाढविल्यावर आम्ही माडीवर गेलो. ज्या मालासाठी मुलाला नाही म्हटले, तो माल तरी काय होता? दोन सीझन न खपलेल्या साड्या, कटपीसची तीन गाठोडी, हात तुटलेला पुतळा आणि वडिलांच्या काळातल्या खतावण्या. उंदरांनी एका गाठोड्याचा कोपरा कुरतडला होता. ज्या मालाचे व्याजसुद्धा सुटत नाही, त्याला आम्ही वर्षानुवर्षे बिनभाड्याने ठेवून घेतले होते. व्यापारी म्हणवून घेणाऱ्याला हा हिशेब आधी सुचावयास हवा होता.

आता कोणी म्हणेल, हे एखाद-दुसऱ्याचे आहे, त्यासाठी वर्तमानपत्रात लिहावयाचे कशाला? पण हे एखाद-दुसऱ्याचे राहिलेले नाही. अलीकडे जवळपास प्रत्येक धंदेशिक्षणात कॉलेजबाहेर जाऊन काम शिकण्याचे आठवडे आणि महिने ठरवून दिलेले आहेत. एम.बी.बी.एस., आयुर्वेद, युनानी या सर्वांना वर्षभराची इंटर्नशिप असते आणि तिचा काही भाग खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांत काढता येतो किंवा काढावाच लागतो. एम.डी., एम.एस. करणाऱ्या डॉक्टरांनाही २०२१ च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले आहे. औषधनिर्माणाची पदविका म्हणजे डी.फार्म. करणाऱ्याला पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते आणि तेही तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही. बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हापासून शिकाऊ शिक्षक कित्येक आठवडे शाळेत जाऊन शिकवितो. शेतकी कॉलेजची मुले-मुली शेवटच्या वर्षी गावात येऊन राहतात. आपल्या जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ असल्याने कृषिदूत आणि कृषिकन्या हे शब्द आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी रुळले आहेत. लिंबाच्या बागेत छाटणी दाखविणारी, बांधावर माती परीक्षण समजावणारी ही मुले आमच्या तालुक्यात सर्वांनी पाहिली आहेत. त्याशिवाय साखर कारखान्यांत आय.टी.आय.ची शिकाऊ मुले येतात. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तिच्यात बारावी झालेल्यास सहा हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये महिना विद्यावेतन ठरले. त्या सहा हजारांतून डिपॉझिट किती जावे आणि खाण्यास किती उरावे, हे वाचकांनीच मोजावे.

या मुलांची अडचण नेहमीच्या भाडेकरूपेक्षा निराळी असते. एक तर कॉलेजच्या वसतिगृहाची वर्षाची फी अगोदरच भरलेली असते, म्हणजे तीन महिने दोन ठिकाणचे भाडे भरावे लागते. दुसरे असे की नेमणुकीचा कागद हातात पडतो तोवर जेमतेम आठ-दहा दिवस उरलेले असतात. तिसरी गोष्ट घरमालकाची. त्याला लांबचा भाडेकरू हवा असतो, कारण दर तीन महिन्यांनी नवे तोंड पाहण्याचा त्याला कंटाळा. सरकारी वसतिगृहे आहेत, अल्पसंख्याक मुलींसाठीही काही ठिकाणी आहेत, पण ती वर्षभर शिकणाऱ्यांसाठी. मधल्या बारा आठवड्यांसाठी परगावी गेलेल्याचा विचार त्यांत बसत नाही.

पूर्वी हा विचार कोणी केला नाही, असे मात्र नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभारण्यास हातभार लावला आणि १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिचे मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. शिक्षण फुकट केले तरी खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकावयास जागा नसेल तर तो शिकत नाही, हे या दोघांनी ओळखले होते. आज वारा उलटा फिरला आहे. शहरात शिकलेले मूल काम शिकण्यासाठी खेड्यात येते आणि खेड्यात त्याला जागा नाही.

आपल्याच जिल्ह्यातले जामखेड घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याबद्दल १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका करण्याचे हे काम पाहण्यास आणि शिकण्यास देशातून आणि परदेशातून विद्यार्थी येतात, काही आठवडे, काही महिने. त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय प्रकल्पाच्या आवारातच आहे. जामखेड काही मोठे शहर नव्हे. पण साता समुद्रापलीकडचा विद्यार्थी तेथे येतो, कारण उतरल्यावर रात्री कुठे झोपावयाचे हा प्रश्न त्याच्यासाठी अगोदरच सुटलेला असतो. आमच्या श्रीगोंद्यातही शेख महंमद महाराजांच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा कोणत्या घरात जागा नाही असे होत नाही. डिपॉझिट तर कोणी विचारतच नाही.

असो. आमच्या माडीचे काय झाले ते सांगतो. पडून राहिलेल्या साड्या आम्ही काष्टीच्या बाजारात बसणाऱ्या एका फेरीवाल्याला पडत्या भावात देऊन टाकल्या. रंग, लाईटचे काम, पाण्याची टाकी, संडासचा दरवाजा, दोन लोखंडी पलंग, एक टेबल असा एकंदर अडतीस हजार खर्च आला. सप्टेंबर २०२३ पासून खोली देऊ लागलो. एकट्याला दोन हजार आणि दोघांना मिळून तीन हजार. ऑक्टोबर २०२५ पर्यंतच्या सव्वीस महिन्यांत अठरा महिने खोली भरलेली होती आणि बेचाळीस हजार भाडे आले. म्हणजे खर्च निघून चार हजार वर राहिले. फार मोठा धंदा नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण पलंग, टाकी आणि रंग तसेच आहेत, यापुढचे येणे नफ्यात धरावयास हरकत नाही. शिवाय मुलाला भेटावयास आलेले आई-वडील दुकानात डोकावल्याशिवाय जात नाहीत, हे वेगळे.

चुकाही झाल्या. पहिला भाडेकरू आला तेव्हा आम्ही काहीच लिहून घेतले नाही, आपलाच मुलगा म्हणून. त्याने कुठूनसा जुना कूलर आणून रात्रंदिवस चालविला. दुकानाचे आणि माडीचे मीटर एकच. बिल पाहून आमचे डोळे पांढरे झाले आणि त्याला बोलताना तोंड कडू झाले. दोष त्याचा नव्हता, लाईटचे काय ते आम्ही बोललोच नव्हतो. आता वरच्या खोलीला सब-मीटर आहे आणि मुलगा आला की एका कागदावर येण्याची तारीख, जाण्याची तारीख, भाडे, लाईट, पाणी, किल्ली किती, रात्री जिन्याचे दार किती वाजता बंद, हे सर्व लिहून दोघांच्या सह्या होतात. आधारकार्डाची प्रत, कॉलेजचे नेमणूकपत्र आणि पालकांचा फोन घेतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो. डिपॉझिट एक महिन्याचे आणि जाण्याच्या दिवशी ते हातात परत. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. "नंतर पाठवतो" म्हटलेले डिपॉझिट किती मुलांना पोहोचते, हे मुलांनाच विचारावे.

कागदाच्या बाबतीत एक गैरसमज आपल्या व्यापारी बंधूंमध्ये फार आहे. अकरा महिन्यांच्या आतला करार असेल तर नोंदणीची गरज नाही, असे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या शहरांना लागू आहे, तेथे मुदत कितीही थोडी असली तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कलम ५५ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. मुद्रांक शुल्क म्हणाल तर एकूण रकमेच्या पाव टक्का. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरही होते. पुण्या-मुंबईत ज्यांच्या जागा आहेत त्यांनी याकडे काणाडोळा करू नये. नोंदलेल्या कराराचा फायदा मालकालाच आहे, मुदत संपली की जागा परत मागण्यास तोच पुरावा. ज्यांचा जी.एस.टी. क्रमांक आहे त्यांनी आपल्या कर सल्लागारालाही एकदा विचारावे. जुलै २०२४ पासून वसतिगृहासारख्या निवासाला जी सूट मिळाली आहे ती माणशी महिना वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या मुक्कामाला आहे.

आता मुलींचे. मुलाला खोली मिळत नाही तर तो नगरहून ये-जा करतो. मुलीला मिळाली नाही तर बाप म्हणतो, राहू दे ती नेमणूक, जवळपासची घे. पुढे जवळपासची मिळत नाही आणि शिक्षण अडते. आमच्या ओळखीत शिवणकाम करणाऱ्या एक विधवा खाला आहेत. दोन खोल्यांचे घर, मुलगा पुण्यात कामाला. दवाखान्यात नेमणूक झालेल्या दोन मुलींसाठी आम्ही त्यांच्याकडे शब्द टाकला. खाला प्रथम तयार नव्हत्या. म्हणाल्या, "भाई, रात्री दहाला ड्युटीवरून येणाऱ्या पोरी, मोहल्ला काय म्हणेल?" आणि मोहल्ला खरोखरच म्हणाला. पहिल्या आठवड्यात एका बुजुर्गाने आम्हाला गाठून सुनावले. आम्ही त्यांना एवढेच विचारले की आपल्या सुनेच्या बाळंतपणात रात्री अकरा वाजता दवाखान्यात कोण उभे असावे असे आपल्याला वाटते? ते काही बोलले नाहीत. पुढे त्यांच्याच नातवाला ताप भरला तेव्हा रात्री खालांच्या दारावर थाप पडली.

खालांनी एकच अट घातली, रात्रपाळी असेल त्या दिवशी आधी सांगावयाचे आणि दवाखान्यातून निघताना फोन करावयाचा. मुलींनी ती पाळली. जेवणासह माणशी साडेतीन हजार ठरले होते. त्या पैशातून खालांच्या पिको मशीनचे हप्ते फिटले. त्या मुलींनी जाताना पुढच्या तुकडीतल्या दोघींचे नाव सुचविले आणि ही साखळी अजून तुटलेली नाही. अमेरिकेतही डॉक्टरकीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी चार-चार आठवड्यांसाठी दुसऱ्या शहरांतल्या इस्पितळांत जातात आणि तेथे हीच युक्ती चालते. जो बाहेर गेला त्याच्या रिकाम्या खोलीत बाहेरून आलेला राहतो, निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आम्ही त्यासाठी एक वही ठेवली आहे. जाणारा मुलगा आपला फोन आणि खोलीबद्दल दोन ओळी लिहून जातो. एकाने लिहिले आहे, "पाणी सकाळी सहाला येते, झोपून राहू नये."

नाव विचारून दार बंद करणाऱ्यांचा आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. पण गेल्या वर्षी शेतकी कॉलेजचे दोन मुलगे खोली विचारीत आले, एक सोलापूरकडचा आणि एक जळगावचा, दोघेही हिंदू. दुकानातल्या आमच्याच माणसाने कानात सांगितले, शेठ, कशाला झंझट. मग आमच्यात आणि त्या तिसऱ्या घरमालकात फरक तो काय? मुलांना खोली दिली. माळकरी घरातला एक होता, त्याला खालून येणाऱ्या कालवणाच्या वासाची अडचण होती. त्याने स्पष्ट सांगितले, आम्ही स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूने उघडी ठेवू लागलो. एवढ्यावर भागले.

पालकांना आणि मुलांना दोन शब्द. नेमणुकीचा कागद येण्याची वाट पाहू नये. गाव कळले की त्याच दिवशी मागच्या तुकडीतल्या मुलाला फोन करावा. दवाखान्यात राहण्याची खोली आहे का, हे प्रथम विचारावे. कित्येकदा असते आणि कोणी विचारीत नाही म्हणून कुलूप लागलेले असते. गावात पोहोचल्यावर दलालाकडे जाण्याआधी दवाखान्यातला शिपाई, औषध दुकानदार, टेलर, मशिदीतले मुअज्जिन यांना विचारावे. रिकामी खोली कोणाची, हे यांना माहीत असते. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फोनवर पैसे पाठवू नयेत. फोटो कोणाच्याही घराचा पाठविता येतो. आपण तीन महिनेच राहणार हे लपवू नये. खोटे सांगून घेतलेली खोली डिपॉझिट घेऊन बसते आणि मागाहून येणाऱ्या मुलाचेही दार बंद करते.

आज आमच्या वहीत श्रीगोंद्यातल्या सहा आणि काष्टीतल्या दोन खोल्या आहेत. त्यांतल्या तीन व्यापाऱ्यांच्या माड्या, ज्यांवर पूर्वी रिकामी खोकी होती. पुढच्या तुकडीसाठी अकरा मुलांची विचारणा आली आहे, त्यांत चार मुली. म्हणजे खोल्या कमी पडणार. श्रीगोंदा, काष्टी किंवा बेलवंडीत ज्यांच्याकडे जागा असेल, त्यांनी दुकानाच्या वेळात येऊन नोंद करावी. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन दुकान बंद असते.